पुण्यातल्या सहल-आयोजकांना खुले पत्र : वसईला एक अख्खा दिवस द्या

प्रति,
पुण्यातले सर्व सहल-आयोजक, इतिहासप्रेमी मंडळं आणि गडकोट मोहिमा काढणारे ग्रुप

सप्रेम नमस्कार.

मे महिना तोंडावर आला की तुमचे निरोप मोबाइलवर यायला लागतात. एकदिवसीय वसई मोहीम! पहाटे चारला शनिवारवाडा, वाटेत पोहे, मग घोडबंदर, वसई, अर्नाळा आणि रात्री परत पुणे. तीन किल्ले, एक दिवस, दोन वेळचा चहा दरात समाविष्ट. अशा सहलींना हौसेनं येणाऱ्यांपैकी मी एक. पैसे वेळेवर भरते, खिडकीसाठी भांडत नाही, माहिती सांगणारे बोलत असताना मागे बसून गप्पा मारत नाही. तेव्हा हे पत्र एका कटकट्या बाईचं म्हणून बाजूला सारू नका. मागणी एकच आहे. वसईला आपण किल्ला बघायला जातो. एकदा शहर बघायला न्या.

सध्या तिथे काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. बस थांबली की सगळे, १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकणाऱ्या चिमाजी आप्पांच्या स्मारकापाशी. हार, घोषणा, फोटो. मग मोहीमप्रमुख तोफेची गोष्ट सांगतात : किल्ला हाती येत नसेल तर निदान माझं मस्तक तरी तोफेनं आत उडवा, असं आप्पा म्हणाल्याचं परंपरा सांगते. अंगावर काटा येतो, दर वेळी येतो. त्यानंतर मात्र एका दिशेला हात फिरवून 'तिकडे पोर्तुगीजांची पडकी चर्चेस आहेत, ज्यांना बघायची त्यांनी बघून या, पंधरा मिनिटांत बस सुटेल' एवढ्यावर दोनशे वर्षं आटोपतात. त्या पंधरा मिनिटांत माणसं नारळपाणी पितात. त्यांचा तरी काय दोष, ऊन असतंच तसं.

आप्पांनी जिंकलं ते नेमकं काय, याचा पत्ताच लागत नाही. एक मोठा दगडी तट घेतला, एवढंच घेऊन लोक घरी जातात.

वसई हे बंदर होतं आणि बंदरामागे भरलेलं शहर होतं. हुमायूनच्या धास्तीनं गुजरातच्या सुलतान बहादूरशहानं २३ डिसेंबर १५३४ च्या तहानं ते पोर्तुगीजांना देऊन टाकलं, आणि त्याच तहात मुंबईची बेटंही गेली. पुढे पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'ची राजधानी वसईच झाली. दमणपासून चौलपर्यंतचा कारभार इथून चाले. आज वसईचा माणूस लोकलला लोंबकळत मुंबईला कामावर जातो. त्या काळी मुंबई वसईच्या हाताखालची होती. गार्सिया द ओर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याकडे मुंबई बेट खंडानं होतं, म्हणजे एखादी वाडी कसायला द्यावी तसं. इंग्रजांच्या राजाला १६६१ मध्ये जे आंदण मिळालं ते हेच. बसमध्ये दहिसरचा टोलनाका ओलांडताना एवढं जरी माइकवरून सांगितलंत तरी अर्धी बस जागी होईल.

इथे जहाजं बांधली जात. इथला दगड दूरवर जाई. तुमच्या प्रत्येक गोवा सहलीत जुन्या गोव्याचं बॉम जिझस असतं ना, त्याच्या दर्शनी भागातलं घडीव काळ्या दगडाचं काम वसईहून नेलेल्या दगडाचं आहे. गोव्यात त्या चर्चपुढे आपण तासभर उभे राहतो. ज्या गावचा दगड, त्या गावाला पंधरा मिनिटं.

१६९५ मध्ये जेमेली करेरी हा इटालियन प्रवासी वसईत आला होता. सरळ, रुंद रस्ते, मोठा चौक, भोवती चांगली घरं, असं त्यानं लिहून ठेवलंय, आणि प्लेगनं शहराचा बराच भाग ओस पाडल्याचंही. मला विचाराल तर त्याच्या या दोन निरीक्षणांवर तुमची अख्खी सहल बांधता येईल. रस्ते आजही सापडतात. झाडोऱ्यात शिरून दोन भिंतींच्या मधोमध उभं राहिलं की आपण रस्त्यात उभे आहोत हे कळतं. फक्त कुणीतरी तसं सांगायला हवं. सांगणारा नसेल तर त्या भिंती आणि वडाच्या पारंब्या, एवढंच दिसतं.

आता कुठून कसं फिरवायचं ते सांगते. आगाऊपणा वाटला तर वाटो.

सुरुवात समुद्राकडच्या दरवाजापासून करा. सध्या आपली बस जमिनीच्या बाजूनं येते आणि बंदराच्या शहरात आपण मागच्या दारानं शिरतो. २०२४ पासून भाईंदर–वसई रो-रो बोट सुरू झाली आहे, ती थेट किल्ल्याजवळच्या जेटीला लागते. बस पुढे महामार्गानं जाऊ दे, माणसांना बोटीत बसवा. खाडीतून येताना तट हळूहळू वर येतो आणि बंदर तिथेच का होतं, हे न सांगता समजतं. (पावसाळ्यात आणि सुट्ट्यांच्या दिवशी वेळापत्रक आधी विचारून घ्या, नाहीतर चाळीस पुणेकर जेटीवर आणि मग जे काही होईल ते तुमच्या नशिबी.)

दरवाजातून आत आलं की सेंट जोसेफचं चर्च फार लांब नाही. शहराचं मुख्य चर्च ते हेच. त्याच्या दर्शनी भिंतीवर लेख आहे : १६०१ मध्ये, आलेशु द मेनेझिश आर्चबिशप असताना, याची पुनर्बांधणी झाली. मनोऱ्यात गोल जिना आहे. पायऱ्या झिजलेल्या, उजेड कमी. ज्यांचे गुडघे मानत असतील त्यांनीच चढावं, आणि एका वेळी चार-पाच जणांनी. वरून एका बाजूला खाडी, दुसरीकडे समुद्र आणि मध्ये हिरव्या झाडीत बुडालेलं शहर दिसतं. तट कुठून कुठे फिरलाय ते इथूनच दाखवा. १७३९ ची लढाईसुद्धा इथूनच सांगा : तीन बाजूंना पाणी, जमिनीची बाजू तेवढी उत्तरेची, म्हणून सुरुंग तिथेच खणावे लागले. स्मारकापाशी उभं राहून हा भूगोल डोळ्यांपुढे येत नाही, मनोऱ्यावरून एका मिनिटात येतो. फेब्रुवारीत पडलेला वेढा मेपर्यंत का चालला, हेही मग वेगळं सांगावं लागत नाही.

पुढे चौक आणि त्याला लागून सेंट सेबॅस्टियनचा बालेकिल्ला. १५३६ मध्ये बांधलेला हा सगळ्यात जुना भाग. बाहेरचा मोठा तट नंतरचा. बालेकिल्ल्याच्या दारावर पोर्तुगालचं राजचिन्ह आहे, क्रूस आहे आणि वर्तुळांचा एक गोल आहे, खलाशांचं आकाश मोजायचं यंत्र. समुद्रावर पोट असलेल्या राज्यानं दारावर काय कोरलं ते बघण्यासारखं आहे.

मग जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचं चर्च. सगळ्या अवशेषांत याची दर्शनी भिंत सर्वांत देखणी, खांबांवरची पानं अजून टवटवीत. इथे एका माणसाची गोष्ट सांगा, आणि ती घाईत सांगू नका. गोन्सालो गार्सिया इथला, वसईत जन्मलेला, याच जेझुइटांकडे शिकलेला. जपानला गेला, तिथे व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन संघात शिरला आणि परत जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्याला इतर साथीदारांबरोबर क्रुसावर चढवून मारलं. १८६२ मध्ये रोमनं त्याला संत जाहीर केलं. भारतात जन्मलेल्या माणसाला हा मान पहिल्यांदाच मिळाला. सोळाव्या शतकात वसईचा एक मुलगा मनिला आणि नागासाकी करतो, ही त्या बंदराची पोच. आजही वर्षातून एकदा त्याच्या सणाला वसईचे लोक या पडक्या भिंतींमध्ये जमतात आणि मिस्सा होते. तुमच्या सहलीची तारीख त्या सणाला जुळवलीत तर अवशेषांत जिवंत माणसं दिसतील. गर्दी होईल, पार्किंगचा त्रास होईल, पण जुळवा.

फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जमिनीवर पाय जपून टाका. खाली सगळ्या थडग्यांच्या शिळा आहेत, कुळांची चिन्हं आणि पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या. इथे एक कळकळीची विनंती : अक्षरं नीट दिसावीत म्हणून दगडावर खडू चोळू नका, पाणी ओतू नका. आपल्यातले हौशी संशोधक हे करतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. बाजूनं तिरका उजेड पडला की अक्षरं आपोआप उठून दिसतात, म्हणून हे चर्च सकाळी किंवा चारनंतर ठेवा. डॉमिनिकनांचं चर्च वाटेत बघून घेतलंत तरी चालेल.

नागेश्वर आणि वज्रेश्वरी ही देवळं शेवटी. कारण काळानं ती शेवटी आली. आप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलल्याची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. मराठ्यांनी शहराचं नाव बदलून बाजीपूर केलं होतं, ते मात्र फार जणांना ठाऊक नाही. नाव टिकलं नाही, म्हणून असेल.

आता तुमच्यातला कुणीतरी म्हणणार, मॅडम, लोक आपला इतिहास बघायला येतात, परक्यांची चर्चेस कशाला दाखवायची? हा आक्षेप मला बसमध्ये ऐकवला गेलाय, म्हणून त्याचं उत्तर इथेच देते.

पोर्तुगीज काही संत नव्हते. देवळं पाडली, धर्मांतरं लादली, गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय बसवलं आणि त्याचा हात इथपर्यंत पोचत होता. तटाच्या आत बडे पोर्तुगीज आणि त्यांच्या हवेल्या, राबणारे बाहेरचे. हे सगळं त्या चर्चच्या सावलीत उभं राहूनच सांगा, झाकू नका. पण वैभव न दाखवता जुलूम सांगितला तर तो हवेत राहतो. एवढी संपत्ती, एवढा दगड, एवढा तोफखाना असलेलं शहर पुण्याच्या फौजेनं घेतलं, तेव्हा युरोपातल्या एका दर्यावर्दी सत्तेचा इथला अंमल संपला. शहर जितकं मोठं दाखवाल तितकी आप्पांची कामगिरी मोठी दिसेल. हे साधं गणित आपल्या लोकांना का पटत नाही, मला कळलेलं नाही.

दुसरं म्हणजे, ही माणसं परकी कुठली? तटाला लागून किल्लाबंदर आणि पाचूबंदरचे कोळीवाडे आहेत. ख्रिस्ती कोळी, घरात आणि बाजारात मराठी. पलीकडच्या वाड्यांतले सामवेदी ख्रिस्ती आपली स्वतःची बोली बोलतात, ती ऐकली तर तिच्यात मराठीच ऐकू येते. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच. आणि १७३९ मध्ये शरण आलेल्या पोर्तुगीज फौजेला आप्पांनी शस्त्रांसह, इतमामानं बाहेर पडू दिलं होतं. विजेत्याला जमलं ते आपल्याला जमत नाही, असं व्हायला नको.

आता जरा अवघड भाग. वसईच्या नावानं पुण्यात फक्त एकच तारीख उच्चारली जाते, १६ मे १७३९. दुसरी तारीख तितकीच पुण्याची आहे आणि ती कुठल्याही सहलीत ऐकलेली मला आठवत नाही : ३१ डिसेंबर १८०२.

त्या वर्षी २५ ऑक्टोबरला हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुण्यातून निघाले ते सिंहगड, महाड, सुवर्णदुर्ग करत अखेर जहाजानं वसईला पोचले. तिथे इंग्रजांशी तह झाला. इंग्रजी पलटणी कायमच्या पदरी, त्यांच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख, आणि इतर सत्तांशी व्यवहार इंग्रजांना विचारून. पुढच्या मे महिन्यात बाजीराव पुण्यात परतले ते इंग्रज फौजेच्या आधारानं. आप्पांचा विजय आणि त्यांच्याच घराण्यातला हा तह, दोन्ही एकाच गावात, मध्ये त्रेसष्ट वर्षं. मधल्या काळात, १७८० मध्ये, इंग्रजांनी वसई एकदा जिंकलीही होती आणि सालबाईच्या तहानं परत दिली होती; म्हणजे त्या बंदराची किंमत त्यांना पुरती ठाऊक होती.

हे सांगायला लाज कसली? हडपसरला रोज तासभर वाहतूक कोंडीत अडकणाऱ्या माणसाला, तू ज्या मैदानावर हॉर्न वाजवतोयस तिथून वसईच्या तहाची वाट सुरू झाली, हे सांगितलं तर त्याला ऐकायला आवडेल. निदान कोंडीचा वेळ तरी जाईल.

म्हणून माझी सूचना अशी की वसईची एक सहल मेमध्ये जाते तशी जाऊ दे, पण दुसरी ३१ डिसेंबरला काढा. हवा चांगली असते, गवत वाळायला लागलेलं असतं, त्यामुळे भिंती नीट दिसतात आणि सापकिरडाची भीती कमी. रात्री डेकोरेशन आणि डीजेला कंटाळलेले बरेच पुणेकर तुम्हाला मिळतील.

आणि सहल सुरू करा ती पुण्यातून, म्हणजे खरोखर पुण्यातून. ओंकारेश्वरापाशी चिमाजी आप्पांची समाधी आहे. वसईनंतर दीडेक वर्षातच ते गेले, वय जेमतेम तिशीतलं. शनिवारवाड्यापुढे बस लावता तिथून चालत पाच-सात मिनिटं. सहलीच्या दिवशी पहाटे नको, आदल्या संध्याकाळी सगळ्यांना तिथे बोलवा.

जमलं तर आधीच्या रविवारी बनेश्वर करा. नसरापूरजवळच्या या देवळात जी घंटा आहे तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल. आपल्यातल्या शेकडो जणांनी ती वाजवलीय आणि वर मान करून पाहिलेलं नाही. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्याच्या घाटावर असलेल्या घंटेवर १७०७ साल आणि माता मरियेची बाळासह मूर्ती. भीमाशंकरलाही अशीच एक. वसईच्या मोहिमेनंतर या घंटा इकडे आल्या असं परंपरा सांगते. चर्चच्या मनोऱ्यात ज्या जागा रिकाम्या दिसतात तिथे काय टांगलेलं असायचं, हे ज्यानं बनेश्वरला पाहिलंय त्याला वसईत सांगावं लागणार नाही. पुणे आणि वसई यांना जोडणारी याहून ठोस वस्तू माझ्या तरी माहितीत नाही, आणि ती बघायला तिकीटही नाही.

बाकी किरकोळ. वसईत माहिती सांगायला वसईचाच माणूस घ्या; किल्ल्यावर वर्षानुवर्षं साफसफाई करणारी, लेखांच्या नोंदी ठेवणारी तरुण मंडळी तिथे आहेत, त्यांना मानधन द्या, नुसती शाल-नारळ नको. आत पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय धरून चालू नका, बायकांची त्यात फार कुचंबणा होते आणि हे पुरुष आयोजकांच्या लक्षात येत नाही. जेवण कोळीवाड्याच्या बाजूला मिळालं तर उत्तम. शाकाहारींची व्यवस्था आधी सांगून ठेवा, ऐनवेळी 'भाजी-पोळी मिळेल का' हा तमाशा नको. येताना बाजारातून सुकेळी घ्यायला वेळ द्या. राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवलेली, बदामी रंगाची. दुसरीकडे ती चव मिळत नाही.

अर्नाळा आणि घोडबंदर त्या दिवसातून काढून टाका. अर्नाळ्याला बोटीनं बेटावर जावं लागतं, तो वेगळा दिवस मागतो. जोड हवीच असेल तर नालासोपारा घ्या. शूर्पारक ते हेच, वसईच्याही कितीतरी आधीचं बंदर. तिथला स्तूप १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उकरला, अशोकाच्या आज्ञेचा तुकडाही त्यांना तिथेच मिळाला. एका बंदरात गाळ साचला की व्यापार पुढच्या बंदराकडे सरकतो. सोपारा, मग वसई, मग मुंबई. परतीच्या वाटेवर हा क्रम माइकवरून सांगायला तुम्हाला दहा मिनिटं पुरतील, अंताक्षरी त्यानंतर सुरू करा.

तीनऐवजी एकच ठिकाण म्हटल्यावर लोक येणार नाहीत, ही तुमची भीती मला कळते. जाहिरातीत किल्ल्यांचा आकडा दिसला नाही की पुणेकर दराकडे बघतो. तरी एकदा करून बघा. दर थोडा वाढवलात तरी चालेल. (हे वाक्य सदाशिव पेठेतून लिहिलं जातंय, यावरून विषयाचं गांभीर्य ओळखा.) ३१ डिसेंबरच्या बसची नावनोंदणी कधी सुरू करताय ते कळवा, माझ्या दोन जागा धरा, त्यातली एक शेजारच्या काकूंची, आणि त्यांना पुढची सीट लागते.

आपली,
सदाशिव पेठेतली एक नेहमीची प्रवासी